कोंबडीला थंडी नव्हे, ओल मारते



आजवर या सदरातून आम्ही अर्ज कसा लिहावा, रेशनकार्डावरील नाव कसे दुरुस्त करून घ्यावे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद वेळेत कसे जमवावेत, असेच विषय मांडत आलो. कारकुनाला कागदाची भाषा येते, त्याने तीच बोलावी हे बरे. आज मात्र विषय आहे परसातील कोंबड्यांचे खुराडे, आणि तेही हिवाळ्यातील. हा विषय घेण्यास आमची एक चूक कारणीभूत आहे. ती कबूल केल्याशिवाय पुढे चार शब्द सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून आधी चूक, मग माहिती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे इस्लापूर जंगलाच्या कडेला. एकीकडे किनवटचा सागवानाचा पट्टा, दुसरीकडे पैनगंगा आणि तिच्यावरचा सहस्रकुंडाचा धबधबा. मे महिन्यात जीव नकोसा करणारा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत पहाटे असा गारठतो की रेल्वे स्टेशनवरच्या माणसाला शेकोटी सोडवत नाही. त्या वर्षी थंडीची लाट आली होती. वस्तीतील बचत गटाच्या बैठकीत बायांनी विषय काढला, की कोंबड्या रात्री कुडकुडतात, काय करावे? आम्ही बैठकीला हिशोबाची वही तपासायला गेलो होतो. पण विचारणा झाली आणि शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. आम्ही छातीठोकपणे सांगून टाकले, "त्यात काय? खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवा. वरून मेनकापड गुंडाळा. वाराच आत गेला नाही तर थंडी वाजेल कशी?"

बैठकीत एक ताई होत्या. घरधनी नाही. कापूस वेचणीवर घर चाललेले, मुलगी दहावीला. त्यांच्याकडे 14 कोंबड्या होत्या. अंड्यांवर मुलीचा वह्या-पेनाचा खर्च निघे आणि फेब्रुवारीत चार-पाच कोंबड्या विकून परीक्षेच्या दिवसांतील जाण्यायेण्याची सोय करायची, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी आमचा शब्द शब्दशः पाळला. इतरांनी अर्धवट केले, म्हणून इतरांच्या कोंबड्या वाचल्या. ताईंनी मात्र एक फट ठेवली नाही.

आठ दिवसांनी निरोप आला. आम्ही गेलो. सकाळची वेळ. मेनकापड बाजूला केले तर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. खाली चिखल. डोळ्यांना झोंबणारा वास. कोंबड्या मान आखडून बसलेल्या, नाकातून पाणी, छातीत घुरघुर. पुढच्या दहा दिवसांत 14 पैकी 6 गेल्या. ताई आम्हाला एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. एवढेच विचारले, "भाऊ, तुमच्या घरी किती कोंबड्या हायत?"

आमच्या घरी एकही कोंबडी नव्हती.

तो प्रश्न आम्हाला आजवर झालेल्या कोणत्याही टीकेपेक्षा जास्त लागला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सल्ला देणे बंद केले आणि विचारणे सुरू केले. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली, परंतु खरी शाळा भरली ती वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजीच्या अंगणात. त्यांचे खुराडे तुऱ्हाट्यांच्या कुडाचे. खालचे अडीच फूट शेणामातीने गच्च लिंपलेले आणि वरचा भाग तसाच उघडा, काड्या-काड्यांचा. आम्ही म्हटले, "आजी, वरचं लिंपायचं राहिलं वाटतं." आजी हसल्या. म्हणाल्या, "राह्यलं नाही बाबा, ठेवलं. मोठी कोंबडी आपलं पांघरूण अंगावर घेऊनच फिरते. तिला थंडीचं भेव नाही, वल्लीचं भेव हाय."

या एका वाक्यात सारा विषय आला. पुढे जे लिहितो ते त्या वाक्याचे विवरण समजावे.

ओल येते कुठून?

माणसाच्या अंगाची ऊब 37 अंश सेल्सिअस, तर कोंबडीची 41 च्या आसपास. म्हणजे कोंबडी ही स्वतःच एक लहानशी शेगडी आहे. थंडीत ती पिसे फुगवते, पिसांच्या मध्ये हवा कोंडून ठेवते, चोच पिसांत खुपसते आणि पाय पोटाखाली घेऊन बसते. अंग कोरडे असेल आणि अंगावर थेट वारा येत नसेल, तर मराठवाड्यातील थंडी मोठ्या कोंबडीला सहज सोसते. कॅनडासारख्या देशात, जेथे बाहेर ठेवलेले पाणी गोठते, तेथेही लोक परसात कोंबड्या पाळतात. तेथील जाणते लोकही आमच्या आजींचेच सांगतात, की खुराडे कोरडे ठेवा आणि हवा खेळती ठेवा.

आता हिशोब पाहा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते आणि त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. 14 कोंबड्यांचे पाणी झाले जवळपास 3 लीटर. हे पाणी जाते कुठे? थोडे अंड्यात जाते, बाकीचे श्वासातून वाफ होऊन आणि विष्ठेतून बाहेर पडते. कोंबडीची ताजी विष्ठा म्हणजे तीन हिस्से पाणीच. खुराडे गच्च बंद केले की ही वाफ आतच कोंडते, थंड पत्र्याला किंवा मेनकापडाला लागून तिचे पाणी होते आणि ते पुन्हा कोंबडीच्या अंगावर ठिबकते. भिजलेल्या पिसांत हवा राहत नाही, म्हणजे पांघरूणच ओले झाले. शिवाय ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो. अशा जखमी श्वासनलिकेत रोगाचे जंतू लवकर घर करतात. ताईंच्या कोंबड्यांना थंडीने मारले नाही. आम्ही सांगितलेल्या बंदोबस्ताने मारले.

खुराडे कसे असावे?

आता दहा कोंबड्यांपुरते खुराडे कसे बांधावे ते सांगतो. गेल्या दोन हिवाळ्यांत आमच्या परसात ते उभे आहे, म्हणून यावेळी अनुभवाने सांगत आहोत.

जागा उंचवट्याची निवडावी. जोत्यासाठी मुरूम आणि दगड टाकून जमीन फूटभर उचलून घ्यावी, चोपून शेणाने सारवावी. लांबी 5 फूट, रुंदी 3 फूट. म्हणजे 15 चौरस फूट, दर कोंबडीस दीड चौरस फूट. दिवसा कोंबड्या बाहेर फिरत असल्याने रात्रीच्या निवाऱ्याला एवढी जागा पुरते. उगाच मोठे खुराडे करू नये. मोठ्या जागेत दहा कोंबड्यांची ऊब विरून जाते.

लांब बाजू पूर्व-पश्चिम धरावी, तोंड दक्षिणेला. याला कारण आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या तोंडातून ऊन थेट आत शिरून जमीन वाळवते. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या भागात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि छपराचा पुढे काढलेला फूटभर पडवा सावली धरतो. एकच खुराडे दोन्ही ऋतूंना चालते. थंड वारा आपल्याकडे उत्तरेकडून येतो, म्हणून पाठीमागची उत्तरेची भिंत पक्की असावी.

भिंती तुऱ्हाट्यांच्या, पऱ्हाट्यांच्या किंवा बांबूच्या कुडाच्या चालतात. खालचे अडीच फूट आतून-बाहेरून लिंपावे, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येत नाही. लिंपण्याचा आणखी एक फायदा आहे. कोंबड्यांना लागणारी गोचीड दिवसा भिंतीच्या फटीत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. लिंपून वरून चुना दिला की तिचे घरच मोडते. छपराला लागून मात्र हवेची वाट ठेवावी. दक्षिणेला वीतभर, उत्तरेला चार बोटे. या उघड्या भागाला अर्ध्या इंचाची तारेची जाळी ठोकावी. आमच्याकडे मुंगूस, रानमांजर, साप आणि घूस यांचा वावर असतो. थंडीपेक्षा त्यांनी नेलेल्या कोंबड्या जास्त असतील.

छपराला पत्रा असेल तर तो रात्री बर्फासारखा गार पडतो आणि घामेजतो. पत्रा काढण्याची गरज नाही. त्याच्या खालून तुऱ्हाट्यांचा किंवा कडब्याचा थर बांधावा, अगर वरून गवत अंथरून दोरीने आवळावे. पत्र्याला आतली गरम वाफ थेट लागली नाही की थेंब धरत नाहीत.

दक्षिणेच्या तोंडाला जाळीचे दार आणि त्यावर गोणपाटाचा पडदा. पडदा बांधताना वरची कड छपरापासून वीतभर खाली बांधावी, म्हणजे रात्री पडदा सोडला तरी वरची वाट उघडी राहते. संध्याकाळी सोडावा, ऊन आले की उचलावा. दिवसा पडदा उचलायला विसरणे म्हणजे पुन्हा आमचीच चूक करणे होय. मेनकापड वापरायचेच असेल तर ते बाहेरून फक्त उत्तरेच्या भिंतीला लावावे, चारही बाजूंनी कधीही नाही.

बसायला दांडा, खाली अंथरूण

कोंबडी जातीने झाडावर झोपणारा पक्षी आहे. जमिनीवर झोपली तर ओलीत आणि विष्ठेत झोपते. म्हणून आत दोन दांडे द्यावेत. जमिनीपासून दीड फूट उंच, मागच्या भिंतीपासून फूटभर अंतर, दोन दांड्यांत फूटभर अंतर. दांडा दोन इंच रुंदीचा, वरून सपाट, कडा घासून बोथट केलेला. अशा दांड्यावर कोंबडी पंजा पसरून बसते आणि बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. एका कोंबडीला 8 ते 9 इंच जागा लागते. पाच-पाच फुटांचे दोन दांडे दहा जणींना पुरून उरतात. थंडीत त्या एकमेकींना खेटून बसतात, उरलेला दांडा रिकामा राहतो. राहू द्यावा.

जमिनीवर अंथरूण असावे. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, सोयाबीनचे कुटार, भुईमुगाची टरफले, वाळलेला पाला, जे फुकट मिळेल ते. एरवी दोन-तीन इंचांचा थर पुरतो, हिवाळ्यात 4 ते 6 इंच द्यावा. फक्त बुरशी आलेले कुटार किंवा टरफल घेऊ नये. ती बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते आणि पिले दगावतात. दर दोन-तीन दिवसांनी अंथरूण काठीने हलवावे, ओला झालेला भाग काढून टाकावा. मूठभर विझलेला चुना मिसळला तर ओल कमी होते.

परीक्षा सोपी आहे. अंथरुणाची मूठ आवळून सोडावी. लाडू वळला तर ओल जास्त झाली. भुरभुरून सांडले तर ठीक. दुसरी परीक्षा पहाटे घ्यावी. दार उघडून कोंबडीच्या उंचीला बसावे आणि एक खोल श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर कोंबडीचेही रात्रभर चुरचुरले असे समजावे.

काढलेले अंथरूण फेकू नये. ते खड्ड्यात चांगले कुजवून परसातील वांगी-मिरचीला घालावे.

शेगडी ठेवू नका

हे कळकळीने सांगतो. थंडी जास्त आहे म्हणून बंद खुराड्यात कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवू नये. कोळसा धुमसताना जो विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. कोंबडी बसल्या जागी मरते. खुराडे घराच्या भिंतीला लागून असेल तर तोच वायू घरात झोपलेल्या लेकरांपर्यंत पोहोचू शकतो. बंद खोलीत माणसांनीही शेगडी घेऊन झोपू नये.

पिलांची गोष्ट वेगळी

आजींनी 'मोठी कोंबडी' असे म्हटले होते, ते लक्षात घ्यावे. पिलाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिलाला 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत न्यावी. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पिसे भरतात आणि पिलू थंडीला तोंड द्यायला तयार होते.

म्हणून हिशोब आधी करावा. अंडी उबवायला 21 दिवस लागतात. सप्टेंबरात अंडी बसवली तर डिसेंबरच्या थंडीपर्यंत पिले दोन महिन्यांची होतात. नाहीतर संक्रांत उलटू द्यावी. ऐन थंडीत कोंबडी खुडूक बसली तर मोह आवरावा.

पिले आलीच तर सर्वांत चांगली शेगडी म्हणजे खुडूक कोंबडीच. दहा-बारा पिले ती पंखांखाली घेते, वीज मागत नाही. तिला पिलांसह डालग्याखाली, कोरड्या जागी, घराच्या आडोशाला ठेवावे. विकतची पिले आणली असतील तर बल्ब लागतो. पिलामागे 2 वॅट धरावेत. म्हणजे 50 पिलांना 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. येथे अनेकजण फसतात. आता घरोघर एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड देतात, ऊब जवळपास देत नाहीत. एलईडीखाली पिले ठेवून लोक निर्धास्त झोपतात आणि सकाळी कोपऱ्यात पिलांचा ढीग सापडतो.

उब बरोबर आहे की नाही हे पिलेच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे. दूर पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतो आहे. सर्वत्र पांगून दाणे टिपत असतील तर आपण निवांत झोपावे. वीज गेली तर? कढत पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिलांमध्ये ठेवाव्यात, आणि खोक्यावर अर्धे गोणपाट टाकावे. पूर्ण नाही, अर्धे.

दाणापाणी आणि अंडी

थंडीत ऊब राखायला अन्न जास्त खर्ची पडते. दिवसभर कोंबडी उकिरड्यावर आणि शेतात टिपते ते खरे, पण संध्याकाळी खुराड्यात जाण्यापूर्वी दर कोंबडीला मूठभर ज्वारी किंवा मका द्यावा. भरल्या पोटाने बसलेली कोंबडी रात्रभर आतून शेकत राहते. अंड्याच्या टरफलासाठी चुनखडीचा बारीक चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले द्यावीत. पाणी सकाळी ताजे, थंडी फार असेल तर कोमट द्यावे. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नये. सांडले की ओल आलीच. कोपऱ्यात एका टोपल्यात राख आणि कोरडी माती ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा झाडून टाकतात.

हिवाळ्यात अंडी का कमी होतात, असे अनेक भगिनी विचारतात. कोणाची नजर लागत नाही. कोंबडीचे अंडे उजेडावर चालते. तिला चांगली अंडी द्यायला दिवसाचा सुमारे 14 तास उजेड हवा असतो, आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस साधारण 11 तासांचा. शिवाय याच सुमारास काही कोंबड्यांची पिसे गळून नवी येतात, तेव्हा अन्न तिकडे जाते. ज्यांना अंडी हवीच असतील त्यांनी पहाटे तीन तास 9 वॅटचा एलईडी लावावा. या कामाला एलईडी चालतो, कारण येथे ऊब नको, उजेड हवा. महिन्याला वीज एक युनिटसुद्धा जळत नाही. आमच्या घरी मात्र दिवा लावत नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "वर्षातून दोन महिने त्यांनाही रजा असू द्या. तुम्हाला नाही का मिळत?" यावर आमच्याकडे उत्तर नाही.

मर आली तर

हिवाळ्यात पसरणाऱ्या रोगांत सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, श्वासाला त्रास होतो आणि पाहता पाहता वस्ती रिकामी होते. या रोगावर औषध नाही, फक्त लस आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

अडचण अशी, की लसीची कुपी किमान 100 मात्रांची असते आणि आपल्या दारात कोंबड्या दहा. शिवाय लस बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एकट्याला हे परवडत नाही, म्हणून कोणीच करत नाही, आणि म्हणून सर्वांच्याच मरतात. आमच्या वस्तीने मार्ग काढला. दिवाळीपूर्वी एक दिवस ठरतो. आदल्या रात्री निरोप फिरतो. पहाटे कोंबड्या खुराड्यातच असताना घरोघर लसीकरण होते. कुपीचा खर्च घरटी वाटला की चहाइतकाही येत नाही. बचत गटाच्या वहीत कोणाकडे किती कोंबड्या, लस कधी दिली, याचे एक पान आम्ही आखून दिले आहे. कारकुनी तेवढी कामी आली.

दुसरा धोका बर्ड फ्लूचा. देशात तो पहिल्यांदा 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला. 2021 च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. 2025 च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मरून पडले. तिन्ही वेळा दिवस थंडीचेच होते. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, किंवा परिसरात कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर उघड्या हाताने उचलू नये, नाल्यात फेकू नये. गुरांच्या दवाखान्यात लगेच कळवावे. लपवू नये, आणि घाईने शेजारच्या बाजारात नेऊन विकूही नये. आपले नुकसान दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन टाकण्यासारखे ते आहे.

आणि मेलेली कोंबडी खाऊ नये. "एवढी वाया कशी घालवायची" असे मनात येते, हे आम्ही जाणतो. पण मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते पाळले. ती शिस्त केवळ मानाची नव्हती, आरोग्याचीही होती. निरोगी कोंबडीचे मांस आणि अंडे मात्र चांगले शिजवून खाण्यास हरकत नाही.

शेवटचा जमाखर्च

2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या आदी पक्षी 85 कोटींच्या वर भरले, आणि त्यांतील 31 कोटींहून जास्त परसातले, म्हणजे तुमच्या-आमच्या दारातले होते. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यांच्याही दारात कोंबडी असू शकते. तिच्या अंड्याचा पैसा बहुधा बाईच्या हातात पडतो आणि बाईच्या हातातून तो वही, औषध, एसटीचे तिकीट यांत जातो. म्हणून खुराड्यातील एक कोंबडी मेली तर ती केवळ कोंबडी नसते.

ताईंचे काय झाले, हे विचाराल. त्या फेब्रुवारीत मुलीच्या जाण्यायेण्याचा खर्च आम्ही देऊ केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "पैसे नको भाऊ. तुम्ही कोंबड्या पाळा, मग पिलं द्या." उरलेल्या 8 पैकी 5 विकून त्यांनी मुलीची परीक्षा पार पाडली. मुलगी पास झाली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आजींच्या हाताखाली खुराडे बांधले, तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. पहिला हिवाळा धडधडत्या छातीने काढला. रोज पहाटे उठून आत डोके घालून श्वास घेत असू. एकही दगावली नाही. मार्चमध्ये कोंबडी बसवली आणि 11 पिले निघाली. त्यांतील 6 आम्ही ताईंच्या घरी नेऊन दिली. जेवढी गेली होती तेवढीच. ताईंनी आधी पिलांकडे नाही, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "खुराड्याला वर जागा ठेवली ना?"

ठेवली आहे. आपणही ठेवावी.

थंडी सुरू झाली आहे. आज संध्याकाळी आपल्या खुराड्यात एकदा हात घालून अंथरूण आवळून पाहा, आणि एखाद्या शेजाऱ्याने मेनकापड गच्च आवळले असेल तर त्यालाही सांगा. काही वेगळा अनुभव असेल तर आम्हाला जरूर कळवा, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या बायांचा. पुढील अंकी पुन्हा कागदपत्रांकडे वळू.